भिशीचे पंचवीस हजार आणि घाटातली रेल्वे

परभणीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पतीचे विजेची उपकरणे दुरुस्त करण्याचे छोटे दुकान आहे, मुलगी सातवीत, मुलगा चौथीत आणि सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. यंदा भिशी लागली आणि पंचवीस हजार रुपये हाती आले. मोबाइलवर बर्फातून जाणाऱ्या छोट्या गाडीची चित्रफीत पाहिल्यापासून मुलांनी सिमल्याचा धोशा लावला आहे आणि सासूबाईंचे माहेर पूर्वी छोटी गाडी धावायची त्या बार्शीकडचे असल्यामुळे तिचे नाव निघाले की त्याही नातवंडांच्या बाजूने बोलतात. नाताळातल्या सिमल्यासाठी एका एजंटाने सांगितलेला आकडा ऐकून पतीने मात्र विषयच बंद केला. ‘डोंगरातला रेल्वेप्रवास एवढ्या पैशांत होतो का, की हा नाद सोडून द्यावा?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

नाद सोडू नका. नाताळातला सिमला तेवढा सोडा. एजंटाचा आकडा मोठा आहे तो रेल्वेमुळे नव्हे. आपल्या देशात घाटातून जाणाऱ्या गाड्यांची साधी तिकिटे अजूनही आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त आहेत. पैसे खर्च होतात ते चुकीच्या तारखेला घेतलेल्या खोलीवर, चुकलेल्या जोडगाडीवर आणि ऐनवेळी काढलेल्या तिकिटावर. तेव्हा गाव कोणते यापेक्षा तारीख कोणती, हे आधी ठरवले तर तुमचे पंचवीस हजार पाच जणांना पुरतील, असे माझे मत आहे.

आधी सिमल्याविषयी लिहितो, म्हणजे मुलांना समजावणे सोपे जाईल. कालका ते सिमला हा ९६ किलोमीटरचा लोहमार्ग १९०३ मध्ये सुरू झाला. वाटेत १०२ बोगदे आणि आठशेहून अधिक पूल आहेत, आणि सुमारे ६५० मीटर उंचीवरचे कालका सोडून गाडी दोन हजार मीटरच्या वर चढते. २००८ मध्ये या मार्गाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याच्या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, मिरज अशी धावणाऱ्या जुन्या बार्शी लाइटचे होते तेवढेच, त्यामुळे सासूबाईंचा जीव तिकडे ओढला जातो यात नवल नाही. तिथवर पोचायलाही आपल्याला फार अडचण नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीवरूनच जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अंबाला छावणीला पोचवते, तिथून चंडीगढमार्गे कालका दीड-दोन तासांवर आहे. या गाडीत वाटेवरच्या काही स्थानकांवर सेवेकरी मंडळी प्रवाशांना लंगरचे जेवण मोफत वाढतात. फक्त ताटे-वाट्या आपल्या आपण न्यायच्या.

अडचण आहे ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याची. नाताळ ते नववर्ष या दिवसांत दिल्ली, पंजाब, हरियाणाची अर्धी हौशी मंडळी सिमल्यात असतात आणि खोल्यांचे दर एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतात. एवढे करून बर्फ दिसेलच असेही नाही, कारण सिमल्यातल्या बर्फाची खरी आशा जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत असते आणि अलीकडच्या वर्षांत नाताळ कोरडाच गेल्याचे अनेकदा घडले आहे. त्यात उत्तरेकडचे धुके. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत दिल्लीच्या अलीकडे-पलीकडे गाड्या तासन्‌तास उशिराने धावतात, कालक्याची ठरलेली गाडी हुकते, मग नाइलाजाने पाच जणांची टॅक्सी करावी लागते आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती छोटी गाडी राहूनच जाते. सासूबाईंच्या गुडघ्यांचाही विचार करा. सिमला हे उताराचे आणि पायऱ्यांचे गाव आहे. स्थानकातून बाहेर पडल्यापासून चढच चढ. पुढेमागे सिमल्याचा बेत केलाच तर तो फेब्रुवारीच्या मध्यावर करा आणि कालक्याहून दुपारी बाराच्या सुमारास सुटणारी हिमालयन क्वीन पकडा, कारण सकाळच्या काही गाड्या अंधारातच सुटतात आणि निम्मा घाट काळोखात निघून जातो.

यंदासाठी मी तुम्हाला अगदी वेगळ्या दिशेला, पूर्वेकडे पाठवणार आहे. विशाखापट्टणमहून छत्तीसगडमधल्या किरंदुलकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आंध्रातले अराकू खोरे आहे. बैलाडिल्याच्या खाणींतले लोहखनिज बंदरापर्यंत नेऊन जपानला पाठवता यावे म्हणून १९६० च्या दशकात पूर्व घाट फोडून हा मार्ग बांधला गेला, आणि मालगाड्यांसाठी केलेल्या त्या रस्त्यावरून रोज सकाळी एक प्रवासी गाडीही वर जाते. रूळ मोठ्या मापाचे आहेत, गाडीही आपल्या नेहमीच्या गाड्यांसारखीच आहे, त्यामुळे ‘खेळण्यातली गाडी’ पाहण्याची मुलांची हौस इथे भागणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण बोगदे, दऱ्या आणि वळणे यांच्या बाबतीत ही वाट कोणापुढे उणी नाही. बोड्डवरा सोडले की चढण लागते आणि मग अराकू येईपर्यंत एकामागून एक बोगदे येत राहतात. या घाटात ते अर्धशतकाहून अधिक आहेत. बोगद्यात शिरल्याबरोबर डब्यातली पोरे जो गलका करतात तो बाहेर येईपर्यंत थांबत नाही, तोवर पुढचा बोगदा आलेला असतो. गाडी घाटात पुरेशी संथ चालते, म्हणून खिडकीतून खालचा पूल आणि मघाशी आपण ज्यावरून आलो ते रूळ नीट पाहता येतात. वाटेतले शिमिलिगुडा हे ९९६ मीटरवरचे स्थानक देशातल्या मोठ्या मापाच्या मार्गावरचे सर्वांत उंच म्हणून बरीच वर्षे सांगितले जात असे.

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला या प्रवासाची आणखी एक गोडी आहे. नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत अराकूची शेते पिवळ्याधमक फुलांनी भरलेली असतात आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, ती फुले कारळ्याची असतात. ज्या कारळ्याची चटणी आपण भाकरीशी खातो आणि जे पीक आपल्याकडे आता क्वचितच दिसते, त्याचे डोंगरउतारावर पसरलेले ताटवे सासूबाईंना नक्की ओळखू येतील. याच दिवसांत आदिवासी शेतकऱ्यांच्या कॉफीची तोडणी चालू असते आणि अंगणाअंगणात बिया वाळत घातलेल्या दिसतात.

आता जाण्याचे. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट एक्स्प्रेस आहे. ती सिकंदराबाद-विजयवाडामार्गे रात्रभर धावून दुसऱ्या दिवशी पोचते. ती रोज नसते, आठवड्यातल्या ठरावीक वारांनाच सुटते, म्हणून सहलीचा आराखडा तिच्या वारांवरून आखा. वार जुळत नसतील तर देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद गाठून संध्याकाळच्या गोदावरी एक्स्प्रेसने पुढे जाता येते, मात्र सासूबाईंना घेऊन मधला दिवस स्थानकात काढण्यापेक्षा थेट गाडीच बरी. स्लीपरचे भाडे माणशी पाचशे रुपयांच्या आसपास पडते. मुलगा बारा वर्षांखालचा असल्यामुळे त्याचे अर्धे तिकीट निघू शकते, पण अर्ध्या तिकिटावर स्वतंत्र बर्थ मिळत नाही. रात्रीच्या प्रवासात त्याला पूर्ण तिकीट काढून झोपायला जागा द्या, तिथे काटकसर करू नका. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली की वाटेतल्या दोन जेवणांचा खर्च वाचतो.

विशाखापट्टणमला पोचाल त्या दिवशी अराकूची गाडी निघून गेलेली असेल, कारण ती सकाळी सातच्या आत सुटते. म्हणून एक मुक्काम तिथे अटळ आहे आणि तो वाया जाणार नाही. रामकृष्ण समुद्रकिनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही नौदलातून निवृत्त झालेली खरी पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. आत शिरून खलाशी कुठे झोपत, यंत्रे कुठे होती, हे पाहता येते. मुलांचे सिमल्याचे दुःख तिथेच निम्मे होईल. आतली वाट अरुंद आहे, सासूबाईंनी त्या वेळात किनाऱ्यावर बसावे. राहण्यासाठी समुद्र दिसणारी खोली शोधू नका, रेल्वेस्थानकाजवळची साधी, स्वच्छ खोली घ्या, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठायचे आहे. प्रवासाचे तिकीट निश्चित झालेले असेल तर स्थानकातली रिटायरिंग रूमही आगाऊ आरक्षित करता येते. ती मिळाली तर सोन्याहून पिवळे.

अराकूच्या गाडीला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा जोडलेला असतो. तो सुंदर आहे आणि साध्या तिकिटाच्या अनेक पट महाग आहे. तुमच्या हिशेबात तो बसत नाही आणि खरे सांगायचे तर हिवाळ्यात त्याची गरजही नाही. उघड्या खिडकीतून येणारा गार वारा आणि ओल्या झाडीचा वास वातानुकूलित काचेआड मिळत नाही. साधे तिकीट माणशी शंभर रुपयांच्या आत आहे. तरीही सर्वसाधारण डब्यात शिरण्याची धडपड सासूबाईंना झेपणार नाही, म्हणून थोडे जास्त देऊन आरक्षित डब्यातल्या जागा घ्या. शनिवार-रविवार पूर्णपणे टाळा. त्या दिवशी विशाखापट्टणमचे लोकच सहलीला निघतात आणि खिडकी मिळणे नशिबावर राहते. मंगळवार ते गुरुवारचा दिवस निवांत.

बोर्रा गुहालू स्थानकाशी उतरून बोर्रा गुंफा पाहण्याचा मोह होईल. चुनखडीच्या त्या गुंफा पाहण्यासारख्याच आहेत, पण आत पायऱ्या पुष्कळ आहेत आणि तिथे उतरलात तर पुढे अराकूला जाण्यासाठी वाहन करावे लागते. तुम्ही सरळ अराकूपर्यंत गाडीने जा, तिथे एक रात्र राहा आणि गुंफा दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पाहा. सासूबाई बाहेर चहा घेत बसतील. परतीची गाडी अराकूहून संध्याकाळच्या सुमारास निघते आणि डिसेंबरात तिकडे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे उतरताना निम्मा घाट अंधारात जातो. म्हणून जाताना रेल्वे आणि येताना अनंतगिरीच्या कॉफीमळ्यांमधून उतरणारी सकाळची बस, हा क्रम माझ्या मते सर्वांत चांगला आहे. मुलांना बस लागत असेल तर लिंबू आणि गोळी जवळ ठेवा, वळणे खूप आहेत.

थंडीचे कपडे नव्याने घेऊ नका. अराकूत डिसेंबरच्या पहाटे पारा एक आकडी होतो, पण तो आपल्या परभणीतही कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत दर हिवाळ्यात होतोच. घरातले स्वेटर, कानटोप्या आणि सासूबाईंसाठी एक सोलापुरी चादर एवढे पुरे.

आता हिशेब. पाच जणांचे जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे साडेपाच हजारांच्या आसपास. विशाखापट्टणमच्या दोन आणि अराकूची एक अशा तीन रात्री, दोन खोल्या, साधारण आठ-नऊ हजार. जेवणखाण पाच हजार. बस, रिक्षा, गुंफांची आणि पाणबुडीची तिकिटे मिळून अडीच हजार. म्हणजे बावीस हजारांत ही सहल बसते आणि अडीअडचणीला तीन हजार हाती राहतात. ते तीन हजार निघतानाच वेगळ्या पाकिटात ठेवा. पाच जण एकाच मोठ्या खोलीत राहायला तयार असाल तर आणखी दोन-तीन हजार वाचतील, पण सासूबाईंची रात्रीची झोप लक्षात घेऊनच ते ठरवा.

तारखांबाबत मात्र मी हट्टी आहे. डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा. कारळे फुललेले असते, नाताळची गर्दी सुरू झालेली नसते आणि दर शांत असतात. शाळेत चार-पाच दिवसांच्या रजेचा अर्ज द्यावा लागेल, तो द्या. १० ते १८ जानेवारीच्या आसपास मात्र चुकूनही जाऊ नका. संक्रांत हा आंध्रातला सर्वांत मोठा सण आहे. आपल्याकडे दिवाळीला पुण्याच्या गाड्यांची होते तशी गत त्या आठवड्यात हैदराबादहून विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीची होते. डिसेंबर साधला नाही तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जा. फुले नसतील, बाकी सारे असेल.

बावीस हजारही जास्त वाटत असतील, किंवा छोट्या गाडीवाचून सासूबाईंचे समाधान होणार नसेल, तर माथेरान आहे. नेरळ-माथेरान ही गाडी १९०७ पासूनची, रुळांमधले अंतर बार्शी लाइटपेक्षाही कमी, दोन फुटांचे, आणि वीस-एकवीस किलोमीटर चढायला तिला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. परभणीहून देवगिरीने निघालात की पहाटे कल्याण, तिथून कर्जत लोकलने नेरळ. पावसाळ्यात बंद असलेली ही गाडी दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू होते. जागा मोजक्या असतात, तेव्हा नेरळच्या खिडकीपाशी लवकर पोचा आणि सुट्टीचा वार घेऊ नका. माथेरानात मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे राहण्याची जागा स्थानकाजवळच घ्या. परतताना कल्याणहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस धरा. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात आणि दर ३७ मीटरला एक मीटर चढणारा थळ घाट भर उजेडात इगतपुरीपर्यंत दिसतो. आपण मराठवाड्यातले लोक मुंबईला बहुधा रात्रीच्या गाडीने जातो, त्यामुळे हा घाट आयुष्यभर झोपेतच ओलांडतो. तिकिटात एक रुपयाही न वाढवता मिळणारा हा डोंगरातला रेल्वेप्रवास आहे.

उटीचेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. मेट्टुपालयम ते उटी ही ४६ किलोमीटरची दातेरी रुळाची वाट अद्वितीय आहे, पण तिचे आरक्षण फार लवकर संपते, ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे ईशान्य मोसमी पावसाने दरडी कोसळतात, आणि परभणीपासूनचे अंतर पाहता पाच जणांना आठवडा लागेल. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीच्या फेऱ्यांचे तर तिकीटच महाग. दोन्ही यंदा नकोत.

राहिले तिकीट. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडते. पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४ पासून बंद झाले आहेत. म्हणजे ८ डिसेंबरला निघायचे तर ९ ऑक्टोबरच्या सकाळी तयार राहा, आणि परतीच्या तिकिटाची तारीख वेगळी मोजून तेही त्याच्या पहिल्याच दिवशी काढा. आरक्षण उघडते त्या पहिल्या दिवशी ऑनलाइन तिकीट आधार जोडलेल्या खात्यावरूनच निघते, तेव्हा पतीचे खाते आधीच जोडून ठेवा. तत्काळच्या भरवशावर राहू नका. पाच जणांना जास्तीचे पैसे पडतात आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर काहीही परत मिळत नाही. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे. तो मात्र ज्येष्ठ प्रवासी एकटा असेल, किंवा तिकिटावर त्या वयोगटातली दोनच माणसे असतील, तेव्हाच लागू होतो. पाच जणांच्या एकत्र तिकिटाला तो मिळत नाही आणि सासूबाईंचे वेगळे काढले तर त्या दुसऱ्याच डब्यात जाण्याची भीती. म्हणून पाचही नावे एकाच तिकिटावर घ्या, सासूबाईंच्या नावापुढे खालचा बर्थ मागा आणि ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच आरक्षण करावे’ या पर्यायावर खूण करायला पतीला सांगा.